जिवंत माणसाची शेवटची अंघोळ

"मी पेट्रोल पंपावर आहे," बाबा फोनवर म्हणाले.

"कुठल्या पंपावर?"

"तुझ्या गावातल्या."

आइली लाहतीच्या एका हातात कात्री होती आणि समोर टेबलावर पुस्तकांचं खोकं. अर्धं कापून झालं होतं. ती तशीच उभी राहिली. बाबांना एक्याऐंशीवं चालू होतं. सुपीरियर सरोवराच्या काठचं त्यांचं घर इथून साडेचारशे मैलांवर. गेल्या दहा वर्षांत ते दुकान, चर्च आणि मासे धरायची जागा सोडून कुठे गेले नव्हते.

"बाबा, गाडी कुणी चालवली?"

"कुणी म्हणजे? मी."

"एकट्यानं?"

"पहाटे चारला निघालो. रस्ता मोकळा होता." मग ते म्हणाले, "तुझं पुस्तक आहे ना आज?"

दोन आठवड्यांपूर्वी तिनेच त्यांना फोनवर सांगितलं होतं. शनिवारी, दुपारी चारला, गावच्या वाचनालयात पुस्तकाचं वाचन. तेव्हा बाबा नुसतं "हं" म्हणाले होते आणि सरोवरावरचा बर्फ यंदा कधी फुटेल यावर बोलायला लागले होते. ते "हं" असं फुलेल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हा माणूस तिच्या पदवीदानाला आला नव्हता. तिच्या एकाही काव्यवाचनाला आला नव्हता. कविता हा प्रकार त्यांच्या लेखी दमट काडेपेटीसारखा होता, असली काय नि नसली काय. आणि आज ते आले होते! आइलीने फोन ठेवला, कात्री फेकली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यांदा ओरडली, "बाबा आले!" खोकं तिने हातांनीच फाडलं. आतून नव्या कागदाचा वास आला. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक. हातात घेतलं तर केवढंसं, पण तिला ते नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखं धरावंसं वाटलं, मानेखाली हात देऊन.

आणि मग तिची नजर खुर्चीवरच्या गठ्ठ्यावर गेली.

शंभर कागद होते. कॉलेजातल्या छपाईच्या मास्तरांनी जुन्या हातयंत्रावर, शिशाचे खिळे जुळवून, एकेक करून काढलेले. इकडे पुस्तकाच्या वाचनाला असा एक कागद करायची रीत आहे. पुस्तकातली एक कविता देखणी छापायची आणि प्रत्येक खुर्चीवर ठेवायची, लोक ती घरी नेतात, भिंतीला लावतात. कविता कुठली घ्यायची हे वाचनालयाच्या वांडाने ठरवलं होतं. तिने तीच घेतली होती. 'बाबांची शेवटची अंघोळ'.

आइली खुर्चीवर बसायला गेली आणि आठवलं, खुर्चीवर कागद आहेत. ती जमिनीवर बसली.

*

झालं होतं ते असं. ती कविता दोन वर्षांपूर्वी, आइली शिकवायची त्या कॉलेजच्या वार्षिकात आली. कवितेत एक मुलगी आपल्या गेलेल्या बापाला घराच्या सॉनात नेते आणि शेवटची अंघोळ घालते. सरोवराकाठच्या फिनिश लोकांची ती जुनी चाल. लाकडी वाफखोलीत पूर्वी बायका बाळंत व्हायच्या आणि मेलेल्या माणसाला धुवायचेही तिथेच. कविता छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात वांडा क्राल. हातात चकचकीत कागदाने झाकलेलं भांडं, भट्टीत भाजलेलं कोंबडी आणि नूडल्सचं कॅसरोल, वरून चीज. डोळे सुजलेले. या गावात कुणी गेलं तर लोक फार बोलत नाहीत, भट्टीतून भांडं काढतात आणि दारात येऊन उभे राहतात.

"वांडा, अगं, ते खरं म्हणजे..."

"बोलू नकोस," वांडा म्हणाली. "नुसतं खा. भट्टीत, तीनशे पन्नास अंशांवर वीस मिनिटं." आणि निघूनही गेली.

संध्याकाळपर्यंत आणखी तीन भांडी आली. पहिल्या भांड्यापाशी खरं सांगणं सोपं होतं, दुसऱ्यापाशी जरा लाजिरवाणं. चौथं आलं तोवर आइलीने पहिलं अर्धं संपवलं होतं, आणि खाल्लेल्या अन्नाला खोटं कसं म्हणायचं? भांडी घासून परत द्यायला गेली तेव्हा लोकांनी मिठ्या मारल्या. मग ती स्वतःला समजावत राहिली. मी कुठे म्हणाले बाबा गेले? कविता म्हणाली. कवितेतली 'मी' म्हणजे कवी नव्हे, हे ती तेवीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आली होती. ते कुणी ऐकलं नसेल तर तिचा काय दोष?

वर्ष गेलं असतं, विसरले असते लोक. पण मग लुपे आली.

लुपे आर्रियागा मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी आठच्या वर्गाला यायची, कपाळावर केसांच्या जाळीचा वळ तसाच. तिचे वडील तिकडे मेक्सिकोत गेले तेव्हा तिला आठवा महिना होता, डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. ती आइलीच्या खोलीत आली, बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी गेले नाही." एवढंच. आइलीने तिचा हात धरला. "मला ठाऊक आहे, लुपे," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. आइलीची आई गेली तेव्हा आइली दूर एका शहरात, कवींच्या मोठ्या संमेलनात होती. तिला मंचावर आठ मिनिटं मिळाली होती. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला, "आईचं काही खरं दिसत नाही." तिने हिशेब केला, सकाळी आठ मिनिटं वाचू आणि निघू. वाचलं. टाळ्या झाल्या. तोवर बर्फाचं वादळ आलं, रस्ते बंद झाले, ती तिसऱ्या दिवशी घरी पोचली तेव्हा शवपेटीचं झाकण लावलेलं होतं. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढे सहा वर्षं नाही. दर रविवारी फोन, बर्फ किती, वारा कसा, मासे लागले का.

आईवर लिहायला बसलं की पेन चालायचं नाही. एकदा तिने आईच्या जागी बाबांना ठेवलं, आणि जी अंघोळ तिने कुणालाच घातली नव्हती ती भराभरा कागदावर आली.

लुपेला मात्र वाटलं, मॅडमना बापाचं दुःख ठाऊक आहे. त्या एका वाक्याच्या आधाराने तिने अकरा कविता लिहिल्या, मुलगी झोपली की, कपडे वाळवायच्या ड्रायरवर वही ठेवून. त्यातल्या चार छापून आल्या. आणि आज कवीची ओळख करून द्यायला तीच उभी राहणार होती.

*

बाबा पंपावर पिकअपला टेकून उभे होते. अंगात आईच्या दफनाच्या वेळचा काळा कोट, खाली मासे धरायचे बूट. आइली धावत गेली आणि गळ्यात पडली. बाबांनी तिच्या पाठीवर दोनदा थापटलं. धक्क्यावर चाळीस वर्षं लोखंडाची माती जहाजांत भरणाऱ्या हातांची थाप, बरगड्या हलल्या.

"वाळलीस," ते म्हणाले. "धुरात मुरवलेला मासा आणलाय. आणि वेलदोड्याचा पाव, शेजारच्या एल्मानं दिलाय."

"बाबा, तुम्ही आलात!"

"दिसतंय की."

तिने त्यांना शेजारच्या खानावळीत नेलं. चार वाजायला साडेतीन तास होते. साडेतीन तासांत माणूस काहीही सांगू शकतो. बाबांनी काळी कॉफी मागवली. आइली घोटभर पाणी प्यायली.

"बाबा, पुस्तकात तुम्ही आहात."

"बरं."

"एका कवितेत."

"मासे धरताना?"

"नाही."

"मग धक्क्यावर?"

"नाही. म्हणजे, तुम्ही त्यात जरा... पडून आहात."

"सुट्टीचा दिवस असेल," बाबा म्हणाले आणि कॉफीत फुंकर घातली.

आइलीने तोंड उघडलं, तेवढ्यात भाजलेल्या बटाट्यांची थाळी आली. वाढणारी बाई थांबून विचारू लागली की आज वाचनालयात कितीला यायचं, ती आणि तिची बहीण दोघी येणार आहेत. ती गेल्यावर आइलीचं धैर्यही तिच्यामागोमाग गेलं. तिने दुसरी वाट धरली.

"तुम्ही थकला असाल. घरी चला, मस्त ताणून द्या. मी जाऊन येते, तासाभरात."

बाबांनी काटा खाली ठेवला. "झोपायला साडेचारशे मैल आलो का?"

"तसं नाही..."

"झोप माझ्या घरी पण आहे."

त्यानंतर ते बर्फावर बोलू लागले. आइली 'हो, हो' करत राहिली. एकच बटाटा ती काट्याने थाळीभर फिरवत होती.

*

साडेतीनला वाचनालयाच्या दारात वांडा उभी होती, गळ्यात मोत्यांची माळ, हातात याद्या. "ऐंशीच्या ऐंशी खुर्च्या भरणार बघ! मी घडीच्या आणखी वीस मागवल्यात. लिंबाच्या वड्या तीन ताटं. तुझा दुसरा बूट कुठाय?"

आइलीने खाली पाहिलं. एक बूट काळा, एक तपकिरी.

"असू दे, कवी आहेस, खपेल. आणि हे?"

"हे तोइवो," आइली म्हणाली. आडनाव तिने गाळलं.

वांडाने बाबांकडे पाहिलं, आइलीकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "काका! अहो, नाक तेच. तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं हो."

बाबांनी विचार केला. त्यांना एक भाऊ होता, एइनो. तो अठ्ठ्याऐंशी साली गेला. इतक्या लांबच्या गावात त्याची कुणाला आठवण असावी याचं त्यांना जरा नवल वाटलेलं दिसलं.

"बरेच दिवस झाले त्याला," ते म्हणाले.

"दिवसांनी काय होतंय, काका," वांडा म्हणाली आणि त्यांना तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

वांडाने गठ्ठ्यातला एकेक कागद प्रत्येक खुर्चीवर ठेवला होता. बाबांनी आपला उचलला, डोळ्यांसमोर धरला, लांब धरला, मग कोटाचे खिसे चाचपले. आइली पुस्तकांच्या कपाटाआडून बघत होती. वरचा खिसा. आतला. विजारीचा. चष्मा पिकअपमध्ये राहिला होता. तिने कपाटाला हात टेकून श्वास सोडला. बाबांनी कागदाची नीट चौपदरी घडी केली आणि मांडीवर ठेवली.

लोक आले. खानावळीतली बाई आणि तिची बहीण. डेल, तिचा ट्रकवाला विद्यार्थी, अंघोळ करून, केस ओले. नर्सिंगच्या पाच पोरी एकदम, खिदळत. चार वाजले तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर पण माणसं होती. तिच्यासाठी! कवितांसाठी! लुपे सगळ्यांत शेवटी धावत आली, कडेवर दीड वर्षांची लेक शोमारा, दुसऱ्या हातात भाषणाचे कागद. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची तिच्या नावाने राखून ठेवलेली होती, बाबांच्या शेजारची.

"आजोबा, हिला पाच मिनिटं धराल? चावत नाही. फारशी."

बाबांनी हात पुढे केले. शोमारा त्यांच्या मांडीवर बसली, त्यांचा अंगठा धरला आणि तो किती जाड आहे हे बघण्यात गुंतली.

लुपे माइकपाशी गेली.

"मी ओळख करून द्यायची आहे," ती म्हणाली. "पण मॅडमना तुम्ही सगळे ओळखता. मग मी एकच गोष्ट सांगते. माझे बाबा गेले तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं नाही. मला वाटलं, हे असलं दुःख बोलायचं नसतं, गिळायचं असतं. मॅडमनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला ठाऊक आहे. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी म्हटलं असतं, तुला काय कपाळ ठाऊक? पण ह्यांनी आपल्या बापाला आपल्या हातांनी धुतलंय. म्हणून मी विश्वास ठेवला." तिने कागद उलगडला. "ऐका.

तापल्या दगडांवर पाणी टाकते, बाबा,
वाफ उठते तशी तुमची उंची उठते,
खांद्यापासून सुरुवात करते,
जिथे मला तुम्ही एकदा बसवलं होतं."

कुणीतरी नाक ओढलं. वांडाने रुमाल काढला. आइलीने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नव्हतं. फक्त अंगठा शोमाराच्या मुठीत ताठ झाला होता.

टाळ्या झाल्या. आइली माइकपाशी आली. समोर शंभर चेहरे, सगळे मऊ. आता नुसतं हसायचं, लुपेचे आभार मानायचे आणि दुसरी एखादी कविता काढायची. रस्ता अगदी मोकळा होता. बाबा बोलणार नव्हते, हे तिला सरोवराइतकं पक्कं ठाऊक होतं. ते धुरातला मासा ठेवून परत जातील, रविवारी फोन करतील, बर्फ किती ते सांगतील. आणि लुपे ही गोष्ट जन्मभर उराशी धरून बसेल.

लुपे खुर्चीकडे वळली होती.

"लुपे, थांब," आइली म्हणाली. "बसू नकोस. माझे बाबा गेलेले नाहीत."

कुणाला काही कळलं नाही.

"ते इथे आहेत. तिसऱ्या रांगेत. तुझी मुलगी त्यांच्या मांडीवर आहे."

खुर्च्या करकरल्या. शंभर माना वळल्या. बाबांनी वर्गात हजेरी देतात तसा हात वर केला, शोमाराही अंगठ्याला लोंबकळत अर्धी वर गेली.

"म्हणजे तुम्ही भाऊ नाही?" वांडा किंचाळली.

"भाऊ गेला," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी साली."

नर्सिंगच्या पोरींतली एक फिस्सकन हसली, मग डेल, मग भिंतीपर्यंत हसू पसरलं. "आणि माझं कॅसरोल?" वांडा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दोन पौंड कोंबडी होती त्यात!"

"फार छान झालं होतं, वांडा," आइली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

लुपे हसली नव्हती.

"मग अंघोळ कुणाला घातलीत?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही." आणि आइलीने सांगितलं. संमेलन, आठ मिनिटं, टाळ्या, बर्फ, बंद झाकण. बाबांच्या देखत, माइकवर, सहा वर्षांत पहिल्यांदा. "तुझा हात धरला तेव्हा मला ठाऊक होतं, लुपे. पण तुला वाटलं ते नाही. मी तुझ्यासारखीच, न गेलेली. तेवढं सांगायचं सोडून मी तुला दुसरंच काहीतरी समजू दिलं."

लुपेने हातातले कागद गुंडाळले, उलगडले, परत गुंडाळले.

"मी रागावलेय तुमच्यावर, मॅडम," ती म्हणाली. "खूप. पण ते नंतर. आपल्या वर्गात ज्याची कविता वाचतात त्यानं काय करायचं असतं?"

आइलीने मान खाली घातली. तिच्या वर्गाचा हा एकच पाळायलाच हवा असा नियम होता, आणि डेल पहिल्या सत्रात त्यावरून तिच्याशी तावातावाने भांडला होता. कविता वाचून झाली की कवीने गप्प बसायचं. बाकीचे ती उलटीपालटी करतात, कुठे खरी वाटते, कुठे पोकळ वाजते ते सांगतात. कवीने समर्थन करायचं नाही, रडायचं नाही, "मला म्हणायचं होतं की" असं तर मुळीच म्हणायचं नाही.

"गप्प बसायचं," आइली म्हणाली.

"मग बसा. माझ्या खुर्चीवर."

आइली जाऊन बाबांच्या शेजारी बसली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"हां," लुपे माइक धरून म्हणाली, "कागद सगळ्यांकडे आहे. कुठे खटकतंय? कोणीही बोला."

मग डेलने हात वर केला. "ही वाफ. चारदा आलीय. मला वाटतं जिथे सांगायला काही नाही तिथे मॅडमनी वाफ सोडलीय." पुढून कुणी म्हणालं, खांदे छान आहेत पण पाय कुठायत, अंघोळीत पाय नाहीत. एक नर्सिंगची पोरगी तटकन उभी राहिली, "मी इस्पितळात माणसं पुसते. मेलेलं माणूस जड असतं हो! ही बाई एकटीनं वळवते कशी?" खानावळीतल्या बाईची बहीण, जिने जन्मात कविता वाचली नव्हती, तिनेही हात वर केला आणि म्हणाली, ही मुलगी बापाला घाबरतेय का, सारखी त्याची परवानगी का मागतेय? लोक खुर्चीच्या कडेवर आले होते. कागदांवर पेनं चालत होती. आइली ओठ घट्ट मिटून, तळव्यात नखं रुतवून बसली होती. तिच्या कवितेचे असे लचके कुणी तोडले नव्हते. आणि इतक्या प्रेमाने कुणी ती वाचलीही नव्हती.

तेव्हा शेजारी काहीतरी हललं. बाबांनी हात वर केला होता.

"आजोबा, बोला," लुपे म्हणाली.

बाबा शोमाराला घेऊन उभे राहिले. "सॉना गरम नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दगड तापवत नाहीत त्या दिवशी. थंड ठेवतात. तापवली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. नर्सिंगच्या पोरीने जोरात मान हलवली. "तो दरवाजा पण उघडा ठेवला होता. बर्फ आत येत होता. एल्मा होती मदतीला, शेजारची. ही पोरगी म्हणते ते बरोबर आहे, एकट्यानं होत नाही."

"पाणी कुठलं?" लुपेने विचारलं.

"सरोवराचं. बर्फाला भोक पाडून आणलं. चुलीवर कोमट केलं. हिच्या आईला थंड सोसायचं नाही."

"साबण?"

"तिचाच. कपाटात होता, लॅव्हेंडरचा, पाहुण्यांसाठी ठेवलेला. तीस वर्षांत एका पाहुण्याला दिला नाही तिनं." बाबांनी शोमाराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी म्हटलं, आता काढतो."

लोक हसले. बाबा सहा वर्षांत इतकं बोलले नव्हते. कदाचित साठ वर्षांत नव्हते. आइली त्यांच्या कोटाच्या बाहीकडे बघत होती. तिच्या आत काहीतरी उंच उंच चढत होतं, दुःखच होतं ते, पण त्याला पंख फुटले होते.

"आणि केस?" ती एकदम बोलली. "बाबा, आईचे केस कुणी विंचरले?"

"मॅडम, नियम!" डेल ओरडला.

"विचारू दे," लुपे म्हणाली.

बाबांनी आइलीकडे पाहिलं. "धुतले आम्ही. विंचरले नाहीत. एल्मा म्हणाली, विंचरू का? मी म्हटलं, राहू दे, आइली येईल, ती विंचरेल." ते खोकले. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. रेडिओ सांगत होता रस्ते बंद आहेत. मला माहीत होतं तू वाटेत कुठेतरी बर्फात फावडं घेऊन उभी असशील. रागबिग काही नव्हता. सांगायचं कसं ते सुचलं नाही."

"मग?"

"मग मीच विंचरले. मला कुठे येतंय? भांग वाकडा पडला."

"किती वाकडा?" आइली आता रडतही होती आणि हसतही होती. तिला सगळं हवं होतं, पाणी, साबण, प्रत्येक केस.

बाबा बसले. त्यांनी शोमाराला मांडीवर नीट समोर तोंड करून बसवलं आणि आपली जाड तर्जनी तिच्या काळ्या, भुरभुरत्या केसांत कपाळापासून घातली. "इथून सुरू केला. इथपर्यंत सरळ. आणि मग बघ, इथे हात थरथरला, तो असा कानाकडे गेला." बोट वळलं. शोमारा गुदगुल्या होऊन खिदळली. आइली वाकून बघत होती. लुपे माइक सोडून धावत आली आणि गुडघ्यांवर बसली. पुढच्या रांगा उठल्या, खिडकीतले कट्ट्यावर चढले, वांडा चवड्यांवर उभी राहिली.

"आम्हाला दिसत नाहीये!" मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा बाबा परत उठले आणि त्यांनी पोरीला दोन्ही हातांत धरून, त्या वाकड्या भांगासकट, सगळ्यांच्या डोक्यांवर उंच उचललं.